पांढरी, पण मेलेली

२४ फेब्रुवारी, सोमवार

अन् वरून म्हणे, "पुष्पाबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." माह्याकडून! मी काय चुलीतली राख भरून पाठवली होती काय? लसूण पावडरीची पूर्ण गाडी वापस. मसाला कंपनीचे शेखरसाहेब खुर्चीवर बसून फोन करते अन् इथं माह्या दारात पोत्यांची थप्पी लागते. सारं अमडापूर पाहून गेलं. पहिला लंबर म्हणून पाठवलेला माल मेलेला निघाला. अन् तो पास कोणी केला? माह्याच पोरीनं. अर्पितानं.

बचत गटाच्या ताईनं ही डायरी दिली तेव्हा सांगतलं होतं, रोजचा माल लिहा. मी चौथी शिकलेली. मालाचं सगळं माह्या डोक्यात राह्यते. जे डोक्यात मावत नाही ते इथं लिहून राह्यली.

लसणाच्या पावडरीचे लंबर माह्या शेळीले बी समजते. पहिला म्हणजे पांढरा, मैद्यासारखा, पाणी लागलं की नाकाले चावणारा. तो मसाल्याच्या कंपनीत जाते, सूपच्या पुड्यांत जाते. दुसरा जरासा पिवळट अन् जाडा, तो फरसाणवाल्याले, चटणीवाल्याले. तिसरा लाल पडलेला, सालीचा, मातीचा. तो कोंबड्यांच्या खाद्यात, नाहीतर भिजवून पिकावर फवाराले. पण अजून एक जात आहे, तिले लंबरच नाही. ड्रायर जास्त तापला, पण माल लाल पडायच्या आत कोणी बंद केला, की पावडर दिसाले पांढरीफेक अन् आतून मेलेली. डोळ्याले फसवते. तिले नाकच पकडते. वाटीत पाणी घ्या, चिमूट टाका, झाकून ठेवा, मंग झाकण उघडून नाक लावा. जिती असंल तर नाकात सुई घुसते. मेली असंल तर ओल्या भिंतीसारखा वास, बस.

माह्या नाकाची तपकिरीनं वाट लावली. माह्यासंगं काम करणारी कौसर चक्कीवर दिवसभर पावडरीत, तिचंही नाक भरून जाते. म्हणून हे काम अर्पिताचं. लग्नाच्या आधी ती झाकण पूर्ण उघडायच्या आत सांगे. या साली हंगामापुरती माहेरी आली. सासरी वडनेर भोलजीले टेम्पोतून उतरता उतरता पडली म्हणे, मागं डोक्याले टाके घेऊनच आली. धांदरट. ठीक आहे, डोक्याले लागलं. नाकाले त नाही लागलं ना?

मी विचारलं, "वाटी लावली होती का नाकाले?"

"लावली होती."

"मंग?"

"मले चांगली वाटली."

दोन लावल्या. रडली नाही, नुसता पदर सावरला. टाक्याच्या बाजूले लागलं असंल तर तिची तीच जाणे, सांगाले तोंड आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

उपासाच्या दिवशी तोंडातून शिव्या नको म्हणून सकाळपासून गप्प होती. दुपारी जावई आले. हरिओम रताळे, खजूर, शेंगदाणे, सगळं घेऊन आले. माणूस गुणाचा. आपल्या टेम्पोतून माह्या गोण्या खामगावपर्यंत नेऊन देते, कधी तोंड वाकडं नाही. मी त्यांच्या टेम्पोले दसऱ्याले हार घातला होता.

गाडी वापस आल्याचं सांगतलं. ते म्हणे, "मामी, तिचं लक्षच नसते. आमच्या घरी बी तसंच. भाजी करपते अन् ही बाजूले उभी राह्यते, जशी काही पाहुणीच."

"तुम्ही लई लाडावून ठेवली जावईबापू. नाही ऐकत त ठेवून देत जा दोन. मी माय असून म्हणते."

ते हसले. "तुम्हीच म्हणता म्हणजे झालं."

अर्पिता मागं लसणाच्या चकत्यांचा ट्रे घेऊन उभी होती. धाडदिशी पाडला. सगळ्या चकत्या मातीत. आता तो माल सरळ तिसऱ्यात. जावयासमोर काय बोलू? उचलता उचलता त्यांच्या पायापाशी आली की मागं सरकत होती. नाटकं.

होळी झाली की घ्याले येतो म्हणून गेले.

१ मार्च, शनिवार

ड्रायरवाला आला. तापमानाचा काटा अडकला होता म्हणे. म्हणजे माल मारला काट्यानं. पण मेला हे ओळखायचं काम नाकाचं होतं, म्हणून मी माह्या बोलण्यावर कायम आहे.

कौसर म्हणे, "पुष्पाबाई, पोरगी ताटात नुसतं हात फिरवते. जरा विचार तिले."

मी म्हटलं, "आता काय घास करून चारू तिले?"

कौसरनं चक्की चालू केली. ती चिडली की असंच करते, म्हणजे माहा आवाज तिले ऐकू येऊ नये.

४ मार्च, मंगळवार

आज आम्ही तिघी जळून मेलो असतो.

शेडच्या कोपऱ्यात चहाची शेगडी आहे. मी बाहेर गोण्या शिवत होती. चहा उतू गेला, जाळ विझला, गॅस चालूच. अर्पिता तिथंच बाजूले बसून लसूण सोलून राह्यली होती. कौसर चक्कीवरून आली त दारातच तिचं नाक झोंबलं. तेवढ्यात अर्पिता उठली अन् शेगडी पेटवाले काडी काढली. कौसरनं धावत जाऊन तिच्या हातावर असा फटका मारला की काडेपेटी भिंतीपाशी जाऊन पडली.

मी आत आली तेव्हा कौसर ओरडून राह्यली होती, "पागल झाली का बे तू? इतका गॅस सुटला अन् तुले वास नाही आला?"

मी हात उगारतच होती. कौसर मधात आली. "थांब. आधी मले पाहू दे."

अर्पिताले खाली बसवलं, डोळे मिटाले लावले. पहिल्या लंबरची भिजवलेली वाटी नाकापुढं धरली.

"काय आहे?"

"पाणी."

घासलेटाचं फडकं धरलं.

"काय आहे?"

"पाणी."

कौसरचे रोजे चालू आहेत. ईदसाठी जपून ठेवलेली अत्तराची कुपी तिनं कमरेच्या बटव्यातून काढली, बूच उघडून धरली.

"अन् हे?"

"पाणीच आहे ना मौसी?"

कौसरनं कुपीचं बूच लावलं. पहिल्या वाटीच्या वक्ती अर्पिताच्या मिटलेल्या डोळ्यातून धार लागली होती. मले वाटलं रडून राह्यली.

"कवापासून?" मी विचारलं.

"पडली तवापासून."

मंग सांगाले काय झालं होतं? दोन आठवडे माह्यासमोर वाटी नाकाले लावून बसत होती, अंदाजानं बोलत होती. अशानं माणूस धंद्यातून उठते.

६ मार्च, गुरुवार

बुलढाण्याले नाक-कानाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं नळी घातली, उजेड पाडला, मंग म्हणे, "नाक साफ आहे. मागून डोक्याला जोराचा मार बसला होता का?"

मी म्हटलं, "पडली होती."

तो माह्याकडं पाहत नव्हता, तिच्याकडं पाहत होता. "कशावर आपटलं? अन् असा मार एकदाच लागला का?"

अर्पितानं माह्याकडं पाहिलं. मले वाटलं मी सांगाव म्हणून पाहते, म्हणून मी परत सांगतलं, टेम्पोतून उतरताना पडली. डॉक्टर म्हणे, वासाची शीर डोक्याच्या आतल्या आत तुटते कधी कधी. येईन वापस नाहीतर नाही येणार, कोणी सांगू शकत नाही.

एसटी स्टँडवर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बसलो. तिनं गिलास हातात धरला, प्याली नाही.

"माय, मी पडली नाही. मी टेम्पोत बसली होती, बॅग घेऊन. लसणाचा हंगाम आहे, माहेरी जाते म्हटलं. तो म्हणे, उतर. मी नाही उतरली. मंग त्यानं केसाले धरून खाली ओढलं अन् मागच्या फाळक्यावर आपटलं. एकदा नाही. मले वाटते दोनदा, मंग आठवत नाही."

फाळक्यावर. त्याच फाळक्यावर मी पाय देऊन गोण्या चढवते.

"अन् याच्या आधी?"

तिनं गिलास खाली ठेवला अन् बोटांवर मोजाले लागली.

"इथं येऊन इतके दिवस झाले, मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगणार होती. हिंमत गोळा करून राह्यली होती. ज्या दिवशी सांगणार होती त्या दिवशी गाडी वापस आली."

आता गाडी वापस येण्याचा अन् ह्याचा काय संबंध? पण पोरीचं डोकं फुटलेलं आहे, तिले काय बोलाव.

७ मार्च, शुक्रवार

चक्कीचा मोठा पाना पिशवीत टाकला. वरून लुगडं घडी करून ठेवलं. खामगावले एसटी बदलली, नांदुऱ्याहून काळीपिवळीनं वडनेर. अर्पिताले सांगतलं नाही, कौसरले सांगतलं.

ती म्हणे, "जीव नको घेऊ कोणाचा. रोज्यात मले खोटी गवाही द्याले नको लावू."

टेम्पो घरासमोरच उभा होता, धुऊन पुसून, माह्या हाराचा दोरा अजून आरशाले लटकलेला. आधी पुढचा काच फोडला. मंग दोन्ही दिवे. मंग मागं जाऊन फाळक्यावर पाना मारत सुटली. लोखंड वाजत होतं, पोचा पडत नव्हता. ह्याच्यावर माह्या पोरीचं डोकं आपटलं अन् ह्याले साधा पोचा पडत नाही! मनगट बधिर झालं तरी मारतच होती.

तो टॉवेलवर बाहेर आला. "मामी! पागल झाल्या काय?"

मी पाना त्याच्या डोक्यावर उचलला होता. त्यानं डावा हात आडवा केला. हाड वाजलं. हिरवी काडी मोडते तसा आवाज. तो खाली बसला, त्याची माय बोंबलत आली, गल्ली गोळा झाली. मी म्हटलं, "विचारा ह्याले, ह्यानं माह्या पोरीचं नाक काऊन मारलं!" लोकांले काही समजलं नाही. नाक त जाग्यावर आहे म्हणे तिचं.

तवा त्यानं तो डाव टाकला. हात धरून, घामानं ओला, सगळ्यांपुढं ओरडला, "हिनंच सांगतलं होतं! महाशिवरात्रीले हिच्याच शेडमध्ये हिनंच म्हटलं, नाही ऐकत त ठेवून दे दोन! विचारा हिले!"

लोक माह्याकडं पाहाले लागले. एक म्हातारी म्हणे, "म्हटलं होतं का वो बाई?"

मी म्हटलं, "हाव, म्हटलं होतं. मंग?"

मी पाना पिशवीत टाकला अन् फाट्यापर्यंत पायी आली.

आता हे पाहा त्याचं डोकं. मी महाशिवरात्रीले म्हटलं, त्यानं तिले मारलं ते त्याच्या कितीतरी आधीच. अन् मी म्हटलं ते माय म्हणून म्हटलं. मायच्या दोन अन् नवऱ्यानं फाळक्यावर आपटणं, हे एका पोत्यात भराचं काय? माह्या मायनं मले उखळाच्या दांड्यानं मारलं होतं, मी काय कोणाले सांगत बसली?

१० मार्च, सोमवार



सकाळी माल काढत होतो. टेम्पोचा आवाज आला, काचेच्या जाग्यावर पन्नी लावलेला. हरिओम उतरला, डावा हात प्लास्टरमध्ये गळ्याले बांधलेला, संगं त्याचे दोन चुलतभाऊ. एकानं दारातल्या गोण्या विळ्यानं फाडल्या. दुसऱ्यानं ड्रायरच्या काचेच्या दारावर लाथ घातली, तो काच गरम होता, फुटून उडाला, माह्या पायात घुसला. ट्रे खेचून जमिनीवर, चकत्यांवर चपला.

कौसर चक्कीपुढं आडवी झाली. "मशीनले हात नका लावू!" गोण्या फाडणाऱ्यानं तिच्या तोंडावर चक्कीचं झाकण मारलं. ओठ फाटला. ती पडल्या पडल्या थुंकत होती, सारखी थुंकत होती. मले वाटलं दात गेले. मंग म्हणे, "रोजा आहे, रक्त गिळलं नाही पाह्यजे."

हरिओम अर्पिताकडं निघाला. "चल. गाडीत बस. आजच्या आज."

मी दारातल्या फाटक्या गोणीत दोन्ही हात घातले अन् पावडर भरभरून त्याच्या तोंडावर फेकली. पांढराफेक ढग झाला. तो खोकलला, एका हातानं डोळे पुसले, अन् पुढं आला. मले म्हणे, "एवढंच काय?" अन् माह्या छातीवर असं ढकललं की मी ड्रायरवर जाऊन आदळली. ती वापस आलेली गोणी होती. मेलेला माल. त्याच्यात झोंबाले उरलं काय होतं?

त्यानं अर्पिताची वेणी धरली. माह्या डोळ्यासमोर धरली. ती वेणीसंगं मागं मागं जात होती, अन् जाता जाता तिचा हात टेबलावरच्या वाटीवर पडला. आजच्या मालाची वाटी, पहिल्या लंबरची, भिजून चढलेली. झाकण फेकलं अन् पूर्ण वाटी त्याच्या उघड्या डोळ्यात.

बैल कापल्यासारखा ओरडला. वेणी सुटली. तो गुडघ्यावर आला, अन् अर्पितानं तीच स्टीलची वाटी त्याच्या डोक्यात मारली. परत मारली. प्लास्टरवर मारली. मारताना तोंडातून एक शब्द नाही. मी नाही ओढली तिले. कौसरनंच ओढली, रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणत, "बस बेटा, बस, मरून जाईन तो."

आवाज ऐकून शेजारच्या वखारीतले लोक धावून आले. भावांनी त्याले उचलून गाडीत टाकलं अन् पळाले.

मंग अर्पिता शेडच्या मधात उभी, वाटी हातात, डोळे लालभडक, पाणी वाहून राह्यलं. मी म्हटलं, "आता काऊन रडते? जिंकलो."

"रडून नाही राह्यली. झोंबून राह्यलं. माय, वास नाही येत, पण डोळ्यात घुसते!"

११ मार्च, मंगळवार

पोलिसात गेलो. तिघींची तक्रार. कौसरच्या ओठाले टाके. तिकडून त्यानंही माह्यावर दिली आहे, हाताची अन् काचाची. देऊ दे, मी नाही म्हणणार नाही. सोमवारी अर्पिताचा पूर्ण जबाब बुलढाण्याले. तिथल्या महिला कक्षातल्या बाईनं फोनवर सांगतलं, लग्नापासूनचं सगळं आठवून ठेव.

दुपारी अर्पितानं वाचलेल्या मालाच्या वाट्या मांडल्या. झाकण काढते अन् तोंड खाली नेऊन, डोळे टक्क उघडे ठेवून पाहते. पाणी आलं की पहिला. उशिरा आलं की दुसरा. नाहीच आलं की मेला. मी चोरून मेलेल्या मालाची वाटी मधात सरकवली. वाकली, थांबली, पापणीही नाही हलवली. म्हणे, "हा तुह्या वापस आलेल्या गाडीतला आहे." बरोबर.

संध्याकाळपर्यंत डोळे सुजून गेले. मी म्हटलं, पुरे. ऐकत नाही. शेखरसाहेबाले फोन करून सांगतलं, माल येते, अन् या वक्ती वापस करून दाखव.

१२ मार्च, बुधवार

आज शेड साफ केलं. काचा, माती, चकत्या, सगळं तिसऱ्यात. अर्पिता चाळणी धरून बसली होती, कौसर चक्कीवर, तोंडाले फडकं बांधून. मी पोरीले समजावून राह्यली होती. चांगल्यासाठीच ना?

"सोमवारी एक गोष्टही गिळू नको. ती बाई विचारन, कोणी कोणी हात टाकला. सगळ्यांची नावं लिहून दे. कोणाची भीड नाही."

"सगळ्यांची?"

"हाव, सगळ्यांची. त्याच्या मायनं मारलं असंल त तिचं बी."

"तिनं कधी नाही मारलं. त्या दिवशी तिनंच डोक्याले हळद दाबली."

"मंग अजून कोण? सांग ना."

तिनं चाळणी थांबवली नाही. खाली पाहतच बोलत होती. "शाळेतून उशिरा आली म्हणून ट्रेच्या कडेनं मारलं ते कोणी? हळदीच्या दिवशी मांडवाच्या मागं नेऊन मारलं ते कोणी? अन् गाडी वापस आली त्या दिवशी, टाके ओले असताना, त्याच बाजूले?"

माहा हात वर गेला. कसा गेला मले नाही समजलं. मी काही तिले मारणार नव्हती.

पण तिनं बाजूचा ट्रे उचलून डोक्यापुढं धरला. इतक्या लवकर, की माहा हात खांद्यापर्यंत पोचायच्या आत तिचा ट्रे जाग्यावर होता. घाबरलेलं माणूस असं नाही करत. ज्याले सवय आहे तेच असं करते.

कौसरनं चक्की बंद केली. पहिल्यांदा तिनं माह्या बोलण्याच्या मधात चक्की बंद केली. कौसर नुसती माह्या हाताकडं पाहत होती. तो अजून वरच होता.

अर्पितानं ट्रे खाली ठेवला. डोळ्याले फडकं लावलं, सूज आहे म्हणून का कशानं ते माहीत नाही. मंग सरळ माह्याकडं पाहून बोलली, अन् ती बोलली तसंच्या तसं लिहून ठेवते, कारण झोपून उठल्यावर मी ते माह्या सोयीनं आठवीन.

"माय, उद्या होळी आहे. सोमवारी त्या बाईपुढं तुहं नाव लिहू का नको, ते तू मले सांगाचं. नको म्हणत असशीन त हा हात परत नाही उठणार, हे कौसरमौसीपुढं बोलाचं. लिही म्हणशीन तरी मी इथंच राहीन, माल पाहीन. पण गप्प बसली त मी परवा पहिल्या एसटीनं जाते. त्याच्याकडं नाही, अन् इथं बी नाही. उद्या होळी पेटाच्या आत मले जवाब दे."